‘किल’ म्हणायचं न्हाय!

दिवसभर फोन उचलायची नोकरी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच टेबलावर येऊन बसतात. बेळगावात कॅम्पजवळच्या एका छोट्या कंपनीत मी सपोर्टला आहे. आमच्या सॉफ्टवेअरवर गावोगावच्या दवाखान्यांचे केसपेपर आणि लॅबचे रिपोर्ट चालतात. त्या सगळ्यांचा मिळून जो एक डेटाबेस सर्व्हर आहे, तो सुनंदाआक्का सांभाळतात. कडोलीहून रोज स्कूटीवर येतात. बाई एक नंबर! माझे निम्मे किस्से त्यांचेच.

मध्यंतरी निपाणीचे एक मोठे डॉक्टर आमच्यावर जाम तापले होते. सर्व्हर भरला की नवा केसपेपर उघडायचा नाही आणि खिडकीवर पेशंटांची रांग लागायची. “परत एकदा अडकलं तर बेंगळूरची कंपनी आणतो,” असा त्यांनी दम भरला. निपाणी गेली की आमची कंपनीही गेली, हे मालकांपासून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

*

मालकांनी विचारलं, “आक्का, सर्व्हर भरतो म्हणजे नेमकं काय होतं?”

“लग्नातली पंगत बघितलाय न्हवं? जेवून हात वाळलेला असतोय, तरी पानावर बसून गप्पा चालू. मागं दुसरी पंगत ताटकळत उभी. ही दवाखान्यांच्या कॉम्प्युटरची जुनी कनेक्शनं तशीच. काम संपलं तरी जागा सोडत न्हाईत.”

“मग?”

“मग काय, उठवायचं!”

मालकांना त्या दिवशी सर्व्हर कळला. शिवाय भूकही लागली!

*

“मग टायमर लावून टाका की,” मालक दुसऱ्या दिवशी म्हणाले. “अर्धा तास गप्प बसला की आपोआप बाहेर!”

“ऑपरेशन थेटरातलं कॉम्प्युटर तासन्‌तास गप्प असतंय,” आक्का म्हणाल्या. “कारण डॉक्टरचं हात पेशंटच्या पोटात असत्यात. त्यांनी मान वर केली आन् स्क्रीननं पासवर्ड मागितला तर?”

मालक आरामात पोटावर हात ठेवून बसले होते. तो त्यांनी हळूच काढून घेतला.

तेव्हापासून आक्कांचा नियम झाला. कनेक्शन तोडायच्या आधी समोरच्याला फोन करायचा. एवढी काळजी घेणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

*

या नियमानं एकदा घोटाळाही झाला. कनेक्शन तोडायच्या कमांडचं नावच ‘किल’. आमच्या नव्या इंजिनिअरनं, प्रसादनं, चिकोडीच्या एका दवाखान्यात फोन लावला. “सिस्टर, तुमच्या वॉर्डातला चार नंबर लई येळ गप्प पडलाय. मी किल करू?”

सिस्टर किंचाळल्याच! चार नंबरच्या खाटेवर एक आजोबा जेवून झोपले होते. धावत जाऊन त्यांना गदागदा हलवलं म्हणे.

आक्कांनी फोन घेतला, कन्नडमध्ये सिस्टरांची समजूत काढली, आजोबांची चौकशीही केली. मग प्रसादकडं वळल्या. “दवाखान्यात फोन करून किल म्हणतंय, शाणं! उठवतो म्हण रं.”

दुसऱ्या दिवशी प्रसादनं अगदी अदबीनं विचारलं, “सिस्टर, चार नंबरला उठवू?”

“नको हो! आत्ताच झोपल्यात!”

*

वडगावच्या एका दवाखान्यातली गंगा काउंटर सांभाळायची. शटर ओढायची, कुलूप लावायची, पण प्रोग्रॅम कधी बंद करायची नाही. रोज सकाळी तिचं कालचं कनेक्शन आक्का उठवायच्या. एक दिवस ते दिसलंच नाही. आक्कांनी लगेच फोन केला. “गंगा बरी हाय न्हवं?”

गंगा स्वतःच्या साखरपुड्यासाठी सुट्टीवर होती. तिच्या दवाखान्यातल्या पेशंटांच्याही आधी आक्कांना कळलं!

*

हा शेवटचा मात्र मी आक्कांच्या शेजारी बसून ऐकलाय. फोन स्पीकरवर होता.

निपाणीच्या त्या डॉक्टरांकडे बेंगळूरची माणसं डेमो द्यायला आली होती, आणि नेमका तेव्हाच आमचा सर्व्हर भरत आला. मालक देवाचं नाव घ्यायला लागले. आक्कांनी पाहिलं, तर अडकलेली निम्मी कनेक्शनं एकाच कॉम्प्युटरची निघाली. तो खुद्द डॉक्टरांच्या केबिनमधला! डॉक्टर दर पेशंटला प्रोग्रॅमची नवी खिडकी उघडायचे आणि जुनी तशीच सोडून द्यायचे.

आधीच तापलेल्या माणसाला हे सांगणार कोण? आक्कांनी त्यांचं एकही काम अर्धवट राहिलेलं नाही, याची खात्री करून घेतली आणि फोन लावला.

“बोला आक्का, लवकर. पाहुणे बसलेत.”

“डॉक्टरसाहेब, एका पेशंटबद्दल विचारायचं हुतं. सारखा नवा नंबर लावून आत येतोय. तपासून झालं तरी बाकडं सोडत न्हाय. खरी आजारी माणसं भाईर उभी हैत.”

“मग हाकला की त्याला!”

“विचारून हाकलावं म्हटलं.”

“त्यात मला काय विचारता? सगळे नंबर काढून घ्या त्याचे!”

“बरं,” म्हणून आक्कांनी बटण दाबलं.

“अहो... आक्का! माझ्याच सगळ्या खिडक्या गेल्या की!”

“व्हय, डॉक्टरसाहेब.”

मालकांनी डोळे गच्च मिटले. मग डॉक्टरांचा आवाज आला, एकदम हळू.

“थांबा जरा. पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावतो. मग ते बंद कसं करायचं, तेवढं शिकवा.”