शिट्टीचं उत्तर

आमच्या घराला बेल होती आणि ती चांगली चालू होती, तरी माझ्या यजमानांनी ती कधी वाजवली नाही. ते खाली उभं राहून शिट्टी घालायचे. एक लांब, वर चढत जाणारी, आणि तिच्यामागे एक तुटक. ती ऐकली की हातातलं काम टाकून मी खिडकीतून किल्ली खाली टाकायची. ही पद्धत एकलहऱ्याच्या कॉलनीतली. वीज केंद्रातले नवरे वेळी-अवेळी शिफ्टवरून यायचे, क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर आणि जिन्याचं लोखंडी दार कायम कुलपात. म्हणून घरोघरी खिडकीच्या खिळ्याला कापडी पिशवीत घातलेली किल्ली टांगलेली असायची. आमची पिशवी जुन्या खणाची होती, मीच शिवलेली. शिट्ट्या बऱ्याच जणांच्या होत्या, पण कुकरच्या आवाजातही आमची मला बरोबर कळायची.

निवृत्तीनंतर आम्ही जेल रोडला फ्लॅट घेतला. इथे जिन्याला कुलूप नाही. यांच्या खिशात स्वतःची किल्ली होती. तरी हा माणूस दूध घेऊन आला की खाली उभा राहून शिट्टी घालायचा. मी खिडकीतून म्हणायची, "अहो, वय काय, चाळे काय!" आणि त्याच खणाच्या पिशवीतली किल्ली टाकायची. ते दोन्ही हातांची ओंजळ करून झेलायचे आणि एखादी मॅच जिंकल्यासारखे वर बघायचे. टर्बाइनच्या शेजारी आयुष्य गेल्यामुळे शेवटी शेवटी त्यांना बारीक आवाज ऐकूच येत नव्हते. स्वतःची शिट्टीसुद्धा धड ऐकू येत नसणार. पण ती कधी चुकली नाही.

ते गेले त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. मला हाका मारणाऱ्यांची तशी कमतरता नाही. भाजीवाला आजी म्हणतो, बँकेत मॅडम, सोसायटीत काकू. मुलगी परदेशातून फोन करते आणि "आई, जेवलीस का?" विचारते. पण हे सगळे शब्द माझ्या जागी दुसरी बाई उभी केली तरी तिला चालतील. फक्त माझ्यासाठी असलेला एकच आवाज होता, तो बंद झाला. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी मला छंद जडवून घ्यायला सांगितलं असतं.

तसं मुलीने सांगितलंच. तिच्या भुणभुणीला कंटाळून मी आमच्या भागातल्या हास्य क्लबात नाव घातलं. सकाळी मैदानात हात वर करून हा हा हा करायचं. मला कारण नसताना हसायची सवय नाही आणि हल्ली कारण असलं तरी जड जातं. तरी जात राहिले, कारण तिथे निदान सकाळ सरायची. हिवाळ्यात त्या क्लबाची कोकणात सहल निघाली. समुद्र, नारळाची झाडं आणि बोटीतून डॉल्फिन. बसमध्ये प्रत्येकीच्या मांडीवर चिवड्याचा डबा होता. नाशिकचा माणूस चिवड्याशिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी अंगणात एक मुलगी आम्हाला माहिती सांगायला आली. समुद्री प्राण्यांचा अभ्यास करणारी, दुसऱ्या दिवशी आमच्या बोटीवर येणारी. वयाने माझ्या मुलीएवढी, पण बोलायला शांत. डॉल्फिन म्हणजे मासा नव्हे, तो आपल्यासारखाच हवेवर जगतो, पिल्लाला दूध पाजतो, हे तिने सांगितलं. किनाऱ्याजवळ दिसतात ते पाठीवर कुबड असलेले. ते लाजाळू असतात, सिनेमातल्यासारख्या उड्या मारतीलच असं नाही. मग तिने नियम सांगितले. बोट हळू न्यायची, त्यांच्या वाटेत आडवी घालायची नाही, मागे लागायचं नाही. लांब राहून बाजूने चालायचं. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही, खायला काही टाकायचं नाही. "जवळ यायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्यायचं," ती म्हणाली. बायका माना डोलावत होत्या आणि डबे एकमेकींकडे सरकवत होत्या.

शेवटी ती सहज बोलावं तसं म्हणाली की काही डॉल्फिनांची प्रत्येकाची स्वतःची शिट्टी असते. पिल्लू लहानपणीच आपली शिट्टी ठरवतं आणि ती त्याची ओळख होऊन बसते. पिल्लू दिसेनासं झालं की आई शिट्टी घालत राहते. आणि एखाद्याला हाक मारायची तर त्याचीच शिट्टी त्याला ऐकवतात. मग थांबतात, उत्तर येईपर्यंत. हा अभ्यास दुसऱ्या जातीच्या डॉल्फिनांवर झालाय, आपल्या कोकणातल्यांबद्दल अजून फार कमी माहिती आहे, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

मी कान देऊन ऐकत होते. डॉल्फिन बघायची मला तोवर काही हौस नव्हती. आता मात्र एकच गोष्ट हवी होती. एकाने शिट्टी घातली आणि दुसऱ्याने उत्तर दिलं, एवढं एकदा कानांनी ऐकायचं. निदान पाण्याखाली तरी ते अजून चालू आहे, हे कळायला हवं होतं. मी तिला विचारलं, ऐकू येईल का? ती म्हणाली, "पाण्यात सोडायचा माइक आहे माझ्याकडे, काकू. नशिबात असलं तर येईल."

सकाळी बोट निघाली. बराच वेळ पाण्याशिवाय काही नव्हतं. मग बोटवाल्याने हात केला. लांबवर आधी एक चोच वर आली, मग राखाडी पाठ, पाठीवरचं कुबड, आणि सगळं पुन्हा आत. शेजारी एक छोटी पाठ, आईला चिकटून. बोटीतल्या कुणीच हा हा हा केलं नाही. मला वाटलं, आमचा क्लब सुधारला.

तेवढ्यात आमच्यातल्या, देवळा गावच्या बाई उठल्या. कांद्याची शेती मुलांवर सोपवून त्या नाशिकला राहायला आल्यात, फार प्रेमळ बाई. त्यांनी डबा उघडला आणि मूठभर चिवडा पाण्यात टाकला. पाठोपाठ आणखी दोघींनी. गोदावरीवर माशांना कणकेच्या गोळ्या आणि लाह्या टाकायची आम्हा सगळ्यांची सवय. कुणाला भूक लागलेली दिसली नाही तरी आमचा हात डब्यात जातो. पाण्यावर पोहे आणि शेंगदाणे तरंगले, समुद्रपक्षी किंचाळत खाली आले आणि त्या दोन पाठी गायब झाल्या.

"अहो, टाकू नका!" ती मुलगी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

"बाई, लेकुरवाळी हे ना ती," देवळ्याच्या बाई कळवळून म्हणाल्या. "म्या म्हनलं, पिल्लाला काही पायजे का नाय. लय वंगाळ झालं का वो?"

त्या मुलीला रागावताही येईना. चिवडा त्यांचं अन्न नाही, आणि माणसांकडून मिळायची सवय लागली की पिल्लं बोटींच्या पंख्यापाशी यायला लागतात, एवढं तिने समजावलं. बाईंनी डबा बंद केला आणि पदराने डोळे पुसले. मला त्यांचा राग आला होता आणि मायाही. खरं तर रागच जास्त, कारण माझी शिट्टी त्या चिवड्यात चालली होती.

त्यात पक्षी बघून इतर बोटी आल्या. त्यांनी पाठ दिसली की तिकडे धाव घेतली. पोरं टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या मारत होती, मोबाइल उंच धरत होती. डॉल्फिन एकीकडे वर आले की सगळ्या बोटी तिकडे, मग ते भलतीकडेच वर यायचे. आई आणि पिल्लू दोन वेगळ्या ठिकाणी दिसायला लागले. ती मुलगी ओठ चावत बघत होती. तिने माइक पाण्यात सोडला आणि कानाला लावायचा हेडफोन आधी मला दिला. बहुधा माझा चेहरा तसा झाला असावा.

आत नुसती घरघर होती. जाड, सलग, कशालाच वाट न देणारी. तो आवाज मी ओळखला. एकलहऱ्याला एकदा कुटुंबीयांना केंद्र दाखवलं होतं, तेव्हा मशिनच्या हॉलमध्ये यांचे ओठ हलत होते आणि मला अक्षर ऐकू येत नव्हतं. ते बिचारे डॉल्फिन त्या हॉलमध्ये राहत होते.

"आपलं तरी इंजिन बंद करा," मी बोटवाल्याला म्हणाले.

"करतो काकू, पण बोट डुलणार. उलट्या झाल्या तर मला बोल लावायचा नाय."

त्याने इंजिन बंद केलं. आमच्यातल्या दोघी लगेच आडव्या झाल्या. हळूहळू बाकीच्या बोटी डॉल्फिनांच्या मागे खाडीच्या तोंडाकडे गेल्या. कानातली घरघर विरत गेली आणि तळाशी कुणीतरी काड्या मोडतंय तशी कडकड ऐकू यायला लागली. आणि मग ती आली. बारीक, वर चढत जाणारी. मी हेडफोन कानावर दाबून धरला. थोड्या वेळाने पुन्हा, तशीच. मग थांबली. ते थांबणं मला ओळखीचं वाटलं. आता दुसरीकडून येणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"अगं, आम्हालाही ऐकू दे की," म्हणत शेजारच्या बाईंनी माझ्या कानावरून हेडफोन काढला. त्या म्हणाल्या, काहीच येत नाहीये. पुन्हा माझ्याकडे तो आला तोवर बोटी परतल्या होत्या आणि आत घरघर भरली होती. मी त्या मुलीला विचारलं, उत्तर आलं असेल का? तिने खोटा धीर दिला नाही. "सांगता येणार नाही, काकू. कोण कुणाला बोलावत होतं, हेही नाही." परतताना देवळ्याच्या बाईंनी माझा हात धरून ठेवला. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. सगळ्यांना वाटलं, मला घाट लागला.

घरी आल्यावर मी शिट्टी शिकायला घेतली. लहानपणी मुलींनी शिट्टी मारणं घरात चालत नसे, आणि लग्नानंतर ते काम यांचं होतं. ओठांतून नुसती हवा जायची. स्वयंपाकघरात मी आणि कुकर दोघेच असायचो आणि माझ्यापेक्षा कुकर बरा होता. कधी एखादा सूर निघायचा, पण यांच्यासारखा वर चढायचा नाही. मुलीने फोनवर विचारलं, "आई, हा कसला आवाज?" मी म्हटलं, दूध तापलंय.

परवा बाजारातून मेथी घेऊन येत होते. आमच्या इमारतीखाली, ते उभे राहायचे तिथेच जरा दम खायला थांबले, पिशवी खाली ठेवली. ओठ सहज जुळले आणि ती निघाली. लांब, वर चढत जाणारी, आणि मागून एक तुटक. हुबेहूब यांची. ज्याला बोलवायचं त्याचीच शिट्टी घालायची असते, कोकणातली ती मुलगी म्हणाली होती. मी वर बघितलं. आमची खिडकी बंद होती. शिट्टी घातल्यावर थांबायचं असतं, म्हणून मी थांबले. शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी वाकून बघितलं आणि आत गेलं.

मग माझं खाली लक्ष गेलं. माझे दोन्ही हात पुढे आले होते, ओंजळ केलेले, झेलायला. मी पर्समधून किल्लीची खणाची पिशवी काढली, त्याच ओंजळीत धरली आणि मेथी उचलून जिना चढायला लागले.