सदतीस ठिकाणी कै.

मानेवाड्याला चंद्रभान निखाडे यांच्या घरी समोरच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात कपडे नाहीत, तेवीस खंड आहेत. जाड पुठ्ठ्याचे, कापडी पाठीचे, प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक आणि साल. आत फोटो चिकटवलेले, आणि फोटोंच्या सोबतीने त्या त्या दिवसाचे काहीबाही: लग्नपत्रिकेवरचा गणपती, रामटेकच्या बसचे तिकीट, संत्र्याच्या पेटीवरचा कागद, तान्ह्या पोळ्याला मुले ओढतात त्या लाकडी नंदीच्या गळ्यातली झिरमिळी. प्रत्येक फोटोखाली काळ्या शाईत तारीख, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे नावे. खंडाच्या शेवटी नावांची सूची, कोण कोणत्या पानावर आहे त्याची.

चंद्रभान बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर होते. तिथे तीस वर्षे त्यांनी कोणती वस्तू कोणत्या फळीवर आहे हे डोळे मिटून सांगितले. पहिला कॅमेरा त्यांनी लग्नाआधी घेतला आणि तेव्हापासून निखाड्यांच्या घरातले बारसे, लग्न, सहल असे काही त्यांनी सोडले नाही. फोनमध्ये फोटो येऊ लागले तरी ते दर महिन्याला सीताबर्डीला जाऊन छापून आणत आणि चिकटवत. नातेवाईक या खंडांना ‘चंदूचे रजिस्टर’ म्हणत. म्हणताना हसत, आणि उघडून कोणी पाहत नसे.

पाहत होते ते एकटे आनंदराव, त्यांचे थोरले भाऊ. ते कळमेश्वरला राहत, शेती बघत. दर संक्रांतीला बायकोला, म्हणजे कौशल्यावहिनींना घेऊन मानेवाड्याला येत आणि जेवण झाले की सतरंजीवर बसून खंड मागत. चष्मा पुसत, पानावर बोट ठेवून विचारत, “हा कोण गा, उभा हाय तो?” चंद्रभानला ठाऊक नसलेली गावाकडची माणसे त्यांना ठाऊक असत. किती तरी नावे आनंदरावांनी सांगितली म्हणून त्या खंडांत आली. चंद्रभानच्या आयुष्यभराच्या कामाला एवढा एकच वाचक होता, आणि चंद्रभानला तो पुरत होता.

एका गोष्टीवरून मात्र दोघांचे दर वेळी वाजे. घरातले कोणी वारले की चंद्रभान सूची काढून त्या माणसाच्या प्रत्येक फोटोखाली, नावाच्या आधी, लाल शाईने ‘कै.’ लिहीत. नवरा गेला आणि मागे बायको राहिली तर तिच्या नावापुढचे ‘सौ.’ एका सरळ रेघेने खोडून वर ‘श्रीमती’ करीत. आनंदरावांना ते पटत नसे.

“फोटो काढला त्या दिवशी तं माणूस जित्ता होता ना,” ते म्हणत. “नाचून राहिला हाय बिचारा वरातीत, अन् तू खाली कै. लिहून ठेवलं.”

पुढे पाहणाऱ्याला समजले पाहिजे, नोंद अद्ययावत पाहिजे, असे चंद्रभानचे म्हणणे. ते स्टोअरमध्येही हेच म्हणत.

यातही एक नियम होता, आणि तो आनंदरावांमुळेच पडलेला. आई गेली तेव्हा चंद्रभानने तीन आठवड्यांनी नोंदी केल्या आणि तारीख एका दिवसाने चुकली. आनंदरावांनी ती पकडली. आईची तारीख चुकत असेल तर हे रजिस्टर कायले, असे ते चारचौघांत बोलले. ते चंद्रभानच्या जिव्हारी लागले. तेव्हापासून नोंद त्याच दिवशी. पत्नी वच्छला गेली त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत माणसे बसलेली होती, आणि चंद्रभान खंड आत नेऊन तिच्या नावाच्या सौ.आधी कै. लिहीत होते. एकशे बारा ठिकाणी. लोकांना वाटले, आत बसून रडत असतील.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आनंदरावांना छातीत दुखू लागले. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात भरती केले. बायपास करायचे ठरले, शुक्रवारी दुपारी. चंद्रभान अकराला निघणार होते. सव्वादहाला, आंघोळ करून ते कपडे घालत असताना फोन वाजला. आनंदरावांच्या मुलाचा, सुशीलचा, मेसेज होता. दोन शब्द.

“बाबा गेले”

चंद्रभान खुर्चीवर बसले. या घरात बाहेर पडतानासुद्धा कोणी ‘जातो’ म्हणत नसे, ‘येतो’ म्हणत. ‘गेले’ या शब्दाचा त्यांना दुसरा अर्थ सुचला नाही. त्यांनी सुशीलला फोन लावला, त्याने उचलला नाही. अशा वेळी कोण फोन उचलतो? त्यांनी फोन आतल्या पलंगावर ठेवला, दार लोटले, समोरच्या खोलीत येऊन कपाट उघडले आणि खंड एक काढला.

पुढे काय केले हे त्यांना नंतर नीट आठवत होते, आणि तीच खरी शिक्षा होती. लाल पेन सापडेना. टेबलाचा खण, देवघराशेजारचा डबा, शर्टाचे खिसे, सगळीकडे पाहिले. सापडले तेव्हा त्यांना हायसे वाटले. मग एकेका खंडाच्या सूचीवरून पाने काढत गेले. आनंदराव सदतीस ठिकाणी होते. सदतीस कै., प्रत्येकाखाली बारीक अक्षरात तारीख. कौशल्यावहिनी एकोणीस ठिकाणी होत्या. एकोणीस सौ. पट्टी धरून खोडले, वर श्रीमती लिहिले. काम संपले तेव्हा एक वाजत आला होता. अक्षर चांगले आले होते.

मग त्यांनी फोन हातात घेतला. सुशीलचे सहा मिस्ड कॉल होते, आणि त्या मेसेजच्या खाली आणखी दोन, त्याच मिनिटाचे.

“आत”

“ऑपरेशन लवकर घेतलं, तुम्ही या लवकर”

ते हॉस्पिटलात पोचले तेव्हा दोन वाजले होते. आनंदराव ठीक होते, अजून शुद्धीवर यायचे होते. सुशीलने एवढेच विचारले की काका, तुम्ही कुठे होता, बाबा आत जाताना तुमची वाट पाहून राहिले होते. चंद्रभानने ऑटो मिळाला नाही म्हणून सांगितले.

त्यानंतरचे पंधरा दिवस त्यांनी खंडांपुढे काढले. ब्लेडने एक कै. खरवडून पाहिला तर पान फाटू लागले. मग पांढरे व्हाइटनर आणले. सदतीस कै.वर आणि त्यांखालच्या तारखांवर पांढरे ठिपके दिले. श्रीमतीवर पांढरे फासून वर नवे सौ. लिहिले. वाळल्यावर पाहिले तर जुन्या पिवळट पानांवर ते ठिपके डोळ्यांत भरत होते, आणि ते फक्त या दोघांच्याच नावापाशी होते. स्टोअरमध्ये खाडाखोड केलेला कागद हाताखालच्या माणसाने आणला असता तर चंद्रभानने तो परत केला असता.

आनंदराव एप्रिलमध्ये आले. डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली होती. अंगावरचा सदरा मोठा झाला होता. सोबत वहिनी होत्या, आणि सुशीलने गाडी चालवत आणले होते. चंद्रभानने उन्हाचे, थकव्याचे निमित्त सांगून पाहिले. आनंदराव हसले.

“वरून वापस आलो गा मी. काढ, पाहू दे मले माह्ये फोटो.”

पहिल्याच खंडात, पोळ्याच्या फोटोखाली, त्यांचे बोट थांबले. त्यांनी अंगठ्याच्या नखाने ठिपका खरवडला. खालून लाल आले. पुढचे पान. तिथेही खरवडले. मग शेवटची सूची काढली आणि तिच्यावरून एकेक पान काढून खरवडू लागले, एक खंड झाला की दुसरा, जसे चंद्रभानने लिहिले होते. खोलीत नखाचाच आवाज होता. वहिनींना फारसे वाचता येत नसे, पण आपल्या नावाआधीचे अक्षर त्यांना ओळखू येई. त्यांनी वाकून पाहिले, नव्या सौ.खालची लाल रेघ पाहिली, आणि त्यांचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला.

चंद्रभानने मेसेजचे सांगितले. सुशीलने स्वतःचा फोन काढून वडिलांना दाखवला. तिन्ही मेसेज एकाच मिनिटात गेलेले.

“म्हंजे खाली पाहाले तुले वेळ भेटला नाही,” आनंदराव म्हणाले, “अन् सदतीस जागी लिवाले भेटला.”

चंद्रभान म्हणाले, “दादा, चूक झाली. नियम होता, त्याच दिवशी लिहायचं. तुम्हीच त्या वेळी...”

“ते राहू दे. एक सांग मले. लिहून राहिला होता तवा रडला काय तू?”

चंद्रभानला खोटे बोलता आले असते. हॉस्पिटलात ऑटोचे खोटे ते बोललेच होते. पण त्यांना त्या क्षणी पेनच आठवले, लाल पेन सापडल्यावर वाटलेले हायसे, आणि त्यांचे तोंड उघडले नाही. आनंदरावांनी खंड बंद करून सतरंजीवर सरळ ठेवला.

“चला जी, घरी,” वहिनी म्हणाल्या. ताटे मांडलेली होती. ती तशीच राहिली.

पुढच्या संक्रांतीला कोणी आले नाही. चंद्रभानने दोनदा फोन केला. सुशीलने उचलला, बाबा झोपले हायेत म्हणाला. तो वाईट बोलला नाही, हेही चंद्रभानला लागले. खंड चोवीससाठी आणलेला पुठ्ठा कपाटावर पडून राहिला. भाच्याच्या लग्नाचे फोटो छापून आणले होते, ते पाकिटातच राहिले. मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, कोण ते सांगणारे कोणी नव्हते.

श्रावणात आनंदराव गेले. या वेळी मेसेज पूर्ण होता, वेळेसकट. चंद्रभान कळमेश्वरला गेले, खांदा दिला. कोणी त्यांना टाकून बोलले नाही आणि कोणी जवळही बसले नाही. तेरवीला जाताना त्यांनी एक मोठा फोटो फ्रेम करून नेला. तान्ह्या पोळ्याचा तोच: आनंदराव तिशीतले, कडेवर सुशील, एका हाताने लाकडी नंदीची दोरी ओढत मोठ्याने हसताना. तसा फोटो त्या घरात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. पाटावर आधार कार्डावरून मोठी केलेली धुरकट तसबीर ठेवलेली होती आणि तिलाच हार घातलेला होता.

चंद्रभानने फ्रेम वहिनींपुढे धरली. वहिनींनी फोटोकडे बराच वेळ पाहिले. मग नजर वर केली.

“भाऊजी, माह्यं सौ. तुमी दीड वर्साआधीच पुसलं,” त्या म्हणाल्या. “आता कायले आले?”

फ्रेम घेऊन ते बसने परत आले. घरी येऊन त्यांनी कपाट उघडले, लाल पेन घेतले आणि खंड एक काढला. नोंद त्याच दिवशी करायची ती तेरा दिवस राहिली होती. पोळ्याचे पान उघडले. आनंदरावांनी नखाने खरवडलेला ठिपका तसाच होता आणि त्यातून कै. स्वच्छ दिसत होता, खाली फेब्रुवारीतली तारीख, चांगल्या अक्षरात. पुढचे पान, त्याच्या पुढचे, सगळीकडे तेच. भावाने जाण्याआधी सदतीसही ठिकाणची नोंद स्वतः उघडी करून ठेवली होती. फक्त तारीख चुकीची होती.

चंद्रभानने पेनाचे टोपण लावले. फ्रेम कपाटात, तेविसाव्या खंडाशेजारी, पाठ बाहेर करून उभी ठेवली आणि दार ओढून घेतले.