वरकुट्यातून पाहिलेलं उड्डाण

“रविवारी उडतंय. तू ये,” विद्या फोनवर म्हणाली. मी काही विचारायच्या आत तिनं पुढचं सांगितलं, “आणि येताना ते तुझं दूरच्या ग्रहाचं भाषण घेऊन ये. आमच्या गावच्या शाळेला हवंय.”

विद्या माझी वसतिगृहातली मैत्रीण. मी भौतिकशास्त्राला, ती इंजिनिअरिंगला. मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि सुट्टीत दुर्बीण घेऊन भटकते. ती लग्नानंतर बारामतीला गेली आणि तिथल्या एमआयडीसीत तिनं छोटं मशीन शॉप उभं केलं. बरीच वर्षं दूध डेअऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग बनवले. अलीकडे ती एका नव्या खासगी कंपनीच्या रॉकेटसाठी भाग बनवते. कंपनीचं नाव लिहू नकोस असं तिनं बजावलंय, म्हणून लिहीत नाही. त्या रॉकेटचं हे पहिलं उड्डाण होतं.

शनिवारी उजाडताना पुणे सोडलं. हडपसर गर्दीच्या आधी पार करायचं असेल तर दुसरा उपाय नाही. यवतला मिसळ खाल्ली, पाटसला महामार्ग सोडून उजवीकडे वळले. जानेवारीत या रस्त्यानं जाणार असाल तर एक सांगते, घाई करू नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर झुलत चाललेले असतात आणि ओव्हरटेक करताना समोरूनही तसाच एक झुलत येतो. गाडी नसेल तर स्वारगेटवरून बारामतीची विनाथांबा एसटी उत्तम.

एमआयडीसीत पोचले तेव्हा दिवसपाळी सुरू होत होती. मोटारसायकलींची रांगच रांग, प्रत्येक हँडलला डब्याची पिशवी. हवेत तापलेल्या दुधाचा वास. विद्याचं शॉप आतल्या गल्लीत आहे, बाहेर पाटीही धड दिसत नाही. आत मात्र फरशी इतकी स्वच्छ की मी नकळत चपला काढल्या.

“घाल, घाल. पायात लोखंडाचा कीस जाईल,” विद्या हसली.

तिनं कपाटातून एक चकचकीत कडी काढून माझ्या हातावर ठेवली. तळहातावर मावेल एवढी, कडेनं भोकं. इंधनाच्या दोन नळ्या जिथं एकमेकींना जोडतात तिथं बसणारा फ्लॅंज. “असे दोन बनवले. हा इथं राहिला, दुसरा वर जाणार. रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात आहे.”

आयुष्यभर मी वर्गात रॉकेटची आकृती काढली, कधी फळ्यावर, कधी परीक्षेच्या पेपरात. त्यातला एक तुकडा उसाच्या गावात घासून-पुसून तयार होतो, तोही माझ्या मैत्रिणीच्या हातचा, हे पचायला वेळ लागला.

“मग उद्या इथंच बघायचं ना, तुझ्या लोकांबरोबर?”

तिचा चेहरा उतरला. “तसंच ठरलं होतं. पण आबांनी गावात सांगून टाकलं. आता शाळेत मोठा पडदा लावणार आहेत. शॉपमधली सगळीही तिकडंच येतील.” आबा म्हणजे तिचे सासरे, इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचे. “मंजिरी, पहिलं उड्डाण आहे. पहिली उड्डाणं पडतात. सगळ्या गावासमोर पडलं तर?”

मी काहीतरी धीराचं बोलले. तिनं ते ऐकलं नाही आणि ते ऐकण्यासारखं नव्हतंही.

दुपारी माझ्या गाडीतून आम्ही भिगवणकडे निघालो. महामार्गावर मासे खाल्ले. उजनी धरणातली चिलापी, कुरकुरीत तळलेली, सोबत बाजरीची भाकरी. भाकरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर तंदुरी रोटी समोर येते. जेवून डाळजला गेलो. तिथं धरणाचं पाणी शेतांच्या कडेपर्यंत येतं आणि होडीवाले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायला नेतात. होडीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या होडीचं असतं, त्यामुळे चार-पाच जणांनी मिळून गेलेलं परवडतं. आम्ही दोघीच होतो, तरी गेलो. होडीवाल्यानं इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूनं होडी सरकवत नेली. उथळ पाण्यात रोहितांचा थवा माना खाली घालून चरत होता. एक उठला, मग सगळे उठले, आणि पांढऱ्यातून एकदम गुलाबी रंग उघडला. विद्या तेवढा वेळ फोनकडे बघायची विसरली. तिला इथं आणल्याचं सार्थक झालं.

ऊन कलताना वरकुट्यात पोचलो. महामार्ग सोडला की दोन्ही बाजूंनी ऊस, मध्येच डाळिंबाची बाग. आबा ओट्यावर वाट बघत होते. उंच, काटक, बोलणं सावकाश.

“आलाव? बसा. चा घ्या मग शाळंकडं जाऊ. मानसं जमल्यात.”

शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. मुलं पुढं, बायका एका बाजूला, पुरुष मागं भिंतीला टेकून. मुख्याध्यापिका काळे मॅडमनी प्रोजेक्टर लावून दिला. मी सांगायला लागले : दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड त्या ग्रहाच्या हवेतून गाळला जाऊन आपल्याकडं येतो. त्या उजेडावरून शास्त्रज्ञांना तिथल्या हवेत काय आहे ते ओळखता येतं. आणि अशा काही ग्रहांवर पाण्याची वाफ सापडली आहे.

मागून एक आवाज आला, “पानी हाय म्हंता, मग आवर्तन कवा सुटतंय?”

सगळं पटांगण हसलं. ज्यांच्या शेताला कालवा येतो त्यांनाच त्यातली खरी गंमत कळेल. आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळीची, वाट बघण्यात इथं अर्धं वर्ष जातं. बोलणारे होते तात्या, आबांचे बांधाला बांध असलेले शेजारी.

बायकांमधून पारूआत्या नावाच्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या. “तितं कोन ऱ्हातंय का?”

“माहीत नाही, आत्या. अजून कुणालाच माहीत नाही.”

“म्हाईत न्हाय आसं सांगाय पुन्यास्नं आलाव व्हय?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी मान डोलावली. “बरं केलंत. टीव्हीवाला तर मानसं घावली म्हनून वरडत हुता. मला तवाच खरं वाटलं न्हवतं.”

माझ्या भाषणाला आजवर मिळालेली ही सगळ्यात चांगली दाद. शहरात लोक मला विचारतात, परग्रहवासी कधी येणार. इथं लोकांना, आपल्याला किती कळलंय आणि किती नाही, एवढं नीट कळलं की समाधान होतं.

तोवर चांगलंच अंधारलं होतं. त्या संध्याकाळी उपग्रहांची माळ दिसणार हे मी फोनवर पाहून ठेवलं होतं. सगळ्यांना वायव्येकडं बघायला सांगितलं. थोड्या वेळानं दिसली, एकामागून एक, सरळ रेषेत, मुंगळ्यांसारखे चाललेले दिवे. मुलं मोजायला लागली. कुणीतरी सांगितलं की मागं अशीच माळ दिसली तेव्हा गावात कुणी देवाची सवारी म्हटलं, कुणी शत्रूची विमानं, आणि एकानं तर गुरं गोठ्यात घेतली.

“ह्ये कुनाचं?” तात्यांनी विचारलं.

“खासगी कंपनीचं. इंटरनेटसाठी.”

“म्हंजी आता आभाळबी इकलं. उद्या चांदन्या बघाय टोल लावत्याल.”

मला मनातून ते पटलंच होतं. या दिव्यांच्या रेघांनी माझे किती फोटो वाया गेलेत. पण आबा म्हणाले, “तात्या, उसाला पानी कमी पडलंय म्हनून तुझ्या फोनवर मेसेज येतो त्यो कुठनं येतो? वरनंच येतो. त्यो बी कंपनीचाच उपग्रह हाय.”

“येतो की. म्हनून तर म्हनतो, सोय हाय तवर गोड. पुढं काय करत्याल कुनाला म्हाईत.”

दोघांत बरोबर कोण होतं ते मला आजही सांगता येणार नाही. विद्या माझ्याशेजारी उभी होती. माळ दिसेनाशी होईपर्यंत ती वरच बघत राहिली.

रविवारी सकाळी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. बारामतीहून शॉपमधली माणसं मोटारसायकलींवर आली होती, इस्त्रीचे शर्ट घालून. मागच्या खोलीत बायकांनी मोठ्या पातेल्यात शिरा केला होता. त्याचा तुपाचा वास वर्गभर पसरला होता आणि विद्याला तोच सहन होत नव्हता. “आधीच कशाला केला?” असं ती माझ्या कानाशी म्हणाली. ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली होती.

उलटी गणती एकदा थांबली, पुन्हा सुरू झाली. मग पडद्यावर धूर, आणि त्यातून रॉकेट वर निघालं. आवाज पडद्यातून किरकिरत येत होता तरी पुढची मुलं कानावर हात ठेवून बसली. पहिला टप्पा सुटला तेव्हा टाळ्या पडल्या. विद्यानं माझं मनगट धरलं. आता तिच्या कडीचं काम होतं.

दुसऱ्या टप्प्याचं इंजिन पेटलं. काही क्षण सगळं ठीक वाटलं. मग निवेदकाचा आवाज संथ झाला. पडद्यावरची वाट दाखवणारी रेघ आखलेल्या रेघेपासून खाली वळायला लागली. इंग्रजीत काहीतरी सांगितलं गेलं आणि चित्र गोठलं. काळे मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.

मी उठून मराठीत सांगितलं, “दुसऱ्या टप्प्यात बिघाड झालाय. रॉकेट कक्षेत पोचलं नाही.”

विद्या उठली. मला वाटलं बाहेर जाईल, दार हाताशीच होतं. पण ती रांगांमधून वाट काढत पुढं गेली आणि पडद्याशेजारी उभी राहिली.

“मी बनवलेला भाग ह्याच टप्प्यात होता,” ती म्हणाली. “तो तुटला का दुसरं काही झालं, मला आत्ता माहीत नाही. कंपनी तपास करेल. माझं चुकलं असेल तर ते मी इथंच येऊन सांगेन.”

शॉपमधली माणसं मान खाली घालून बसली होती.

भिंतीजवळून तात्या बोलले. आता काहीतरी टोमणा येणार म्हणून मी मनातून चिडलेच. पण ते म्हणाले, “सूनबाई, तपास झाल्यावर पुन्यांदा सोडत्यात का?”

“सोडतात, तात्या. वर्षभर तरी लागेल.”

“मग तवा शाळंत नको. देवळाम्होरं मोठा पडदा लावू. हितं लई दाटी झाली.”

काळे मॅडम माझ्याजवळ येऊन हळूच विचारायला लागल्या, शिऱ्याचं काय करायचं. आबांनी ऐकलं. “वाढा की. पोरं बसल्यात. आन कामावरची मानसं लांबनं आल्यात, त्यांना आदी वाढा.”

पंगत बसली. विद्या स्वतः वाढायला उठली. तिच्या शॉपमधल्या एकानं ताट पुढं करताना मान वर केली नाही, तेव्हा ती त्याच्यासमोर तशीच उभी राहिली. त्यानं वर बघितल्यावरच तिनं वाढलं. मी पुष्कळ वेधशाळा पाहिल्या आहेत, मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली आहेत. विज्ञानाबद्दल जितका आदर मला त्या पंगतीत वाटला तितका कधी वाटला नव्हता.

दुपारी निघाले. परत महामार्गाला लागून संध्याकाळपर्यंत पुण्यात. जाण्याची इच्छा असेल तर हिवाळ्यातच जा. पक्षी असतात, आकाश मोकळं असतं आणि पुण्यात राहून विसरायला झालेले तारे गावाबाहेर पडलं की लगेच दिसतात.

घरी आल्यावर बातम्यांखालची मतं वाचली. बऱ्याच जणांनी टर उडवली होती. खासगी लोकांच्या हातात अवकाश दिलं की असंच होणार, असं एकानं लिहिलं होतं. अवकाश कुणाच्या मालकीचं होत चाललंय याची काळजी मलाही आहे आणि ती या प्रवासानं गेली नाही. पण आता ‘खासगी कंपनी’ हे शब्द वाचले की मला पडद्याशेजारी उभी असलेली एक बाई दिसते.

काही आठवड्यांनी विद्याचा फोन आला. तपास पूर्ण झाला होता. तिची कडी ठीक होती. बिघाड विजेच्या एका जोडणीत होता, दुसऱ्या कुठल्याशा गावच्या एका छोट्या कारखान्यातून आलेल्या.

“पहिला फोन आबांना केला,” ती म्हणाली. “वाटलं, खूश होतील. पण ते म्हणाले, ‘म्हंजी दुसऱ्या कुनाचं तरी चुकलं. त्यो बी कुनाच्या तरी घरचाच आसंल. त्याच्याशी कुनी बोललं का न्हाय, इचार.’”

“मग?”

“मग काय. कंपनीत विचारून नंबर घेतला आणि लावला. माझ्याच वयाचा माणूस आहे. बराच वेळ रडला, मग बराच वेळ बोलला. पुढच्या वेळी वरकुट्याला यायला सांगितलंय त्याला.”