दगडावरचा तिसरा डंकन

आमच्या लॉखच्या, म्हणजे लांबट तळ्याच्या, वळणावर, अगदी रस्त्याला लागून, एक उंच दगड उभा आहे. होडी उलटून तिघं बुडाले, त्यांच्या आठवणीचा. बुडाले तिघं, पण दगडावर नावं दोनच, आणि तीही एकसारखी: डंकन मॅक्रे, डंकन मॅक्रे. तिघांचंही नाव तेच. आमच्याकडे घराआड एक डंकन मॅक्रे, म्हणून लोक लंगडा डंकन, नावाड्या डंकन, तांबडा डंकन असंच ओळखायचे. शहरातल्या पाथरवटाला हे कुठून ठाऊक? त्यानं बापलेक समजून दोन नावं कोरली आणि तिसरं यादी लिहिणाऱ्याची चूक म्हणून गाळलं.

लंगडा हा माझ्या मैत्रिणीचा, डोलीनाचा आजोबा, नावाड्या माझा. तांबड्याचं लग्नच झालं नव्हतं. तेव्हा गाळला तो तांबडाच, हे आमच्या दोन्ही घरांनी ठरवून टाकलेलं. त्याच्याकडून भांडायला येणार कोण?

डोलीनानं पस्तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. रोज त्या दगडापाशी उतरायची, शेवाळ खरवडायची. वरची ओळ आपल्या आजोबाची, हेही तिनंच परस्पर ठरवलेलं. मी विचारायचे, लंगडा वर चढला कसा गं? ती म्हणायची, तुझा खाली बसून वल्ही मारतोय ना, म्हणून.

यंदा मे महिन्यात गावानं तिसरं नाव कोरायचं ठरवलं. डोलीनाचे गुडघे गेलेले, सोमवारी लेक तिला कायमची इन्व्हरनेसला नेणार होती. त्याआधी आजोबाची ओळ एकदाची पक्की झालेली बघायची, एवढाच तिचा ध्यास. मी तिला गाडीतून घेऊन गेले.

आताचा पाथरवट गुडघे टेकून मोजमाप घेत होता. नावं सारखीच, लोक गोंधळतील, तर नव्या नावापुढे 'तांबडा' असं कोरू का, म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. डोलीना मात्र काठी टेकत दगडाशी गेली आणि दोन्ही ओळी बोटांनी चाचपत राहिली. चिलटं तिला फोडून काढत होती, तरी ती हलेना.

"तांबडा नको," ती म्हणाली. "लंगडा कोर."

"अगं, डोकं फिरलं का तुझं? वरची ओळ तुझी ना?"

"होती. त्या बिचाऱ्याला शंभर वर्षं पावसात दाराबाहेर ठेवलं आपण, त्याच्या बाजूनं बोलणारं कोणी नाही म्हणून. येऊ दे आत. माझा म्हातारा लंगडा होता, पोचला उशिरा."

पाथरवट माझ्याकडे बघायला लागला. मला हो म्हणावंच लागलं. शेवटचं अक्षर होईपर्यंत ती रस्त्याच्या कठड्यावर बसून होती, हातातला चहा गार होऊ देत.

परतताना मी विचारलं, मग आता वरचा कोण आणि खालचा कोण?

"वर तांबडा. तुझा आहे तिथंच आहे, वल्ही मारतोय."

सोमवारी ती गेली. आता शेवाळ मी खरवडते. सुरुवात वरच्या ओळीपासून करते.