चिऊचा पालक मी की मामा

मंडळी, आत्ताच इस्लामपूरच्या कोर्टातून आलोय.

दादा-वहिनी अपघातात गेल्यापासून त्यांची सात वर्षांची चिऊ माझ्या आईजवळ असते. तिचा पालक व्हायला तिच्या मामानं अर्ज केला, मग मीही केला. भावकीनं भरीला घातलं, "बापाच्या भावाचाच हक्क असतुय रं!" मामा म्हसवडचा. तिकडची बाजरीची भाकरी लय भारी, पण ते असू द्या.

जजमॅडम म्हणाल्या, "हक्काचं राहू द्या. पोरीचं भलं कुठं आहे ते बघायचं." त्यांनी चिऊशी एकटीशी गप्पा मारल्या, मग मला आत बोलावलं.

"तिला तुम्हीच हवे आहात. पण काका घरात नसतो, असंही म्हणाली."

आमचा वकील फिसकन हसला. मी पडलो ट्रकबरोबर भटकणारा माणूस.

पालक झालो, तर कोर्टाला विचारल्याशिवाय चिऊला हद्दीबाहेर न्यायचं नाही. म्हणजे ट्रक सोडून मीही इथंच. उद्या हो की नाही सांगायचंय.

येताना गाडीवर मागून चिऊ म्हणाली, "काका, मामा बी चांगला हाय. तू म्हणलास तर मी जाईन तिकडं."

आणि शर्ट मात्र घट्ट धरून बसली.

सांगा गड्यांनो, तुमी काय केलं असतं?