फार्करच्या वाट्याचा पट्टा

फार्कर गिलीज एकवीस वर्षं आमच्या बेटाचा कारभारी होता. मालक लंडनला. इथे कुणाला घराला खोली वाढवायची असो की कुंपण घालायचं असो, फार्करला विचारून. तो रस्त्यात दिसला की लोकांचं बोलणं थांबे.

मग बेट विकायला निघालं. एडिनबराच्या सरकारनं कळवलं, गावानं संस्था काढून बेट घ्यायचं मतदानानं ठरवलं तर बरेचसे पैसे आम्ही देऊ. जमीन मात्र सगळ्यांच्या नावे राहील, पुढे कुणालाच विकता येणार नाही. त्यासाठी नकाशा हवा होता. हद्दी, पाण्याचे पाइप, बुजलेले नाले, सगळं एकट्या फार्करला ठाऊक. संस्थेची अध्यक्ष पेगी नाइलाजानं त्याच्या दारात गेली. नकाशा करायला आलेल्या सरकारी बाईंबरोबर तो अकरा दिवस माळ तुडवत होता.

मतदानाच्या सभेत त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मागून रॉडी कोळी म्हणाला, "मालक बदलला, एवढंच. आधी लंडनचा, आता एडिनबराचा."

सरकारी बाई म्हणाल्या, "कागद झाले की आम्ही निघालो. मग भांडा आपापसात."

लोक हसले. फार्करनं ठरावाच्या बाजूनं हात वर केला.

बेट आमचं झालं आणि त्याची नोकरी गेली. एप्रिलमध्ये तो कचेरीत आला. मी तिथे कारकून.

"सभासदाला पीटचा पट्टा मिळतो ना?"

"नियमात आहे."

"मग मला एक द्या."

पीट म्हणजे आमचं जळण, दलदलीतली काळी माती. ती काढायला दोघं लागतात. एक खाली उभा राहून विटा कापतो, दुसरा त्या वर घेऊन वाळायला पसरतो. फार्कर एकटाच गेला. दहा-बारा विटा कापायच्या, वर चढून पसरायच्या, पुन्हा खाली. जाणारे-येणारे हात करत. थांबत कुणी नव्हतं. चार दिवस मीही सायकलवरून तशीच गेले. जमीन सरकारनं मिळवून दिली होती. सोबत कोण मिळवून देणार?

पाचव्या दिवशी उतरले. "मी वर थांबते. द्या इकडे."

तो कापायचा थांबला. "तुझ्या वडिलांचा पट्टा मीच काढून घेतला होता, मोराग."

"माहीत आहे."

"मालकाचा हुकूम आहे म्हणालो होतो. नव्हता."

मी हात पुढे केला. त्यानं वीट दिली. दुपारभर तो कापत राहिला, मी पसरत राहिले.

निघताना त्यानं घरी चहाला बोलावलं. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा पट्ट्यावर गेले.