पुढून ब्लेझर, मागून चिमटे

स्टुडिओत आल्या की मॅडम लगेच खुर्चीत बसायच्या नाहीत. आधी आरशासमोर उभ्या राहायच्या, पदर खांद्यावर तळहाताने दाबून धरायच्या आणि आरशातूनच मला विचारायच्या, "आपा, मी शिकवणारी वाटते का?"

फोटोला आलेल्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. त्या विचारतात, चांगली दिसते का, जाड दिसते का. बीडच्या बसस्टँडमागचा हा वडिलांचा स्टुडिओ मी बावीस वर्षं चालवतेय. शिकवणारी वाटते का, असं विचारणारी बाई मला एकच भेटली.

आणि त्या शिकवणाऱ्याच होत्या. एका कॉलेजात चौदा वर्षं त्यांनी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवलं. जेवढे तास घेतले तेवढाच पगार, सुट्टीत काही नाही. नवरा अपघातात गेल्यावर दोन मुली त्यांनी चकलांब्याला आईकडे ठेवल्या आणि स्वतः बीडला खोली घेऊन राहिल्या. मग कॉलेजात विज्ञानाला पोरंच येईनात. एका वर्षी तो वर्गच बंद झाला. मॅडम तेव्हा बेचाळीस वर्षांच्या.

त्याच सुमारास पुण्याच्या एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीला त्यांनी लिहिलेले धडे आवडले. पण वेबसाइटवर लावायला 'प्रोफेशनल' फोटो हवा, तो बघून पुढचं ठरवू, असं कंपनीने कळवलं.

पहिल्या दिवशी मॅडम पिशवीत तीन साड्या घेऊन आल्या. त्यांनी निवडली ती पोपटी, रुंद जरीकाठाची. मी म्हटलं, "मॅडम, जरीवर लाईट उसळतो. चेहऱ्याच्या आधी काठच दिसंल."

"पण चांगली हीच हाय. बाकीच्या वर्गात नेसून नेसून विटल्यात."

त्यांचं मन मोडवेना. फोटो गेला. कंपनीचं उत्तर आलं, "हा लग्नातला आहे का?"

दुसऱ्या खेपेला साडी मी निवडली. निळी, सुती, बारीक काठाची. पदराच्या निऱ्या घालून पिना लावल्या, केस मागे घेतले. तेवढ्यात मॅडमनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि तसंच हातात धरून बसल्या.

"लावू का? सासरच्या कुणी बघितलं तर बोलतील."

"तुम्हाला आवडती?"

"लई."

"मग लावा."

टिकली वाकडी लागली, ती मी सरळ केली. फोटो इतका छान आला की मी मनात म्हटलं, आता झालंच काम. कंपनीने कळवलं, "वय जास्त दिसतंय. वेस्टर्न फॉर्मल घाला."

काउंटरपाशी उभ्या राहून मॅडमनी ते मला वाचून दाखवलं. "जास्त म्हंजी काय, आपा? हाय तेवढंच दिसतंय ना."

तिसऱ्या खेपेला त्या घरीच केस काळे करून आल्या. घाईत केलेले, कपाळावर काळा ओघळ उतरलेला. मी खोबरेल तेलात कापूस बुडवून घासायला लागले. कातडी लाल झाली तसा माझा हात थांबला. त्या म्हणाल्या, "जोरात घासा. ऱ्हायला न्हाई पाहिजे."

आमच्या स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एक करडा ब्लेझर टांगलेला असतो. पुरुषाचा. मॅडमच्या अंगात तो पोत्यासारखा लोंबायला लागला. मी पाठीमागे कापड गोळा करून कपडे वाळत घालायचे सहा चिमटे लावले. समोरून एकदम बेतून शिवल्यासारखा. मॅडमनी मान वळवून आरशात पाठ पाहिली आणि फस्सकन हसल्या. "पुढून प्रोफेसर, मागून वाळत घातलेली धुणी!"

आम्ही दोघी हसत सुटलो. आणि हसता हसता त्या कधी रडायला लागल्या ते मला कळलंच नाही. काजळ गालावर आलं. माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "आईच्यानं आता होत न्हाई, आपा. धाकटी मला फोनवर 'तुमी' म्हणायला लागली. पाव्हणीला म्हणावं तसं. हे झालं न्हाई तर मला पुढं काहीच दिसत न्हाई."

मी त्यांचं तोंड धुतलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. दिवा मागे सरकवत होते तर डोळे पुसतच त्या म्हणाल्या, "दिवा दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा न्हाई, पाव होतो. कावून, सांगा बरं?" आणि दोन्ही हात पसरून सांगायलाच लागल्या. मागचे दोन चिमटे निसटले. बावीस वर्षं मी दिवे पुढेमागे करत होते. त्यामागचं कारण मला त्या दिवशी कळलं.

तो फोटो मात्र पास झाला, नोकरी मिळाली. मॅडम लिंबागणेशच्या गणपतीला जाऊन आल्या, मला प्रसाद दिला.

दोन महिन्यांनी आल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक विशी-बाविशीची पोरगी, छान शिवलेल्या ब्लेझरमध्ये. ती गोड आवाजात सांगत होती, उजेड निम्मा नाही, पाव होतो.

"धडा माझा हाय," मॅडम म्हणाल्या. "शब्द न् शब्द."

व्हिडिओला चेहरा तरुण लागतो, तुम्ही फक्त लिहा, असं कंपनीने त्यांना सांगितलं होतं. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. "मग फोटो कशाला मागितला? सोडा ती नोकरी! भांडा तरी!"

"भांडले. म्हणाले, लिहिणारे लई मिळतात." त्यांनी मोबाइल बंद केला. "सोडून काय करू, आपा? पोरींना पुण्याला घेऊन जायचंय."

आता त्यांचा फोन लागत नाही. पुण्याहून कुणी आलं की मी विचारते, पण एवढ्या मोठ्या शहरात कुणाला काय ठाऊक असणार?

शेवटची भेट जूनमधली. मुलींना घेऊन त्या कायमच्या पुण्याला निघाल्या होत्या. नव्या शाळेसाठी दोघींचे फोटो हवे होते. फोटो छापून होईपर्यंत थोरली काउंटरवर वाकून शाळेचा फॉर्म भरत होती.

"आई, इथं आईचा व्यवसाय विचारलाय. काय लिहू?"

मॅडम धाकटीच्या वेणीला रिबन बांधत होत्या. "नोकरी लिही."

"कसली नोकरी?"

मॅडमनी रिबनीची गाठ सोडली. पुन्हा बांधली. फुलाची दोन्ही टोकं ओढून सारखी केली.

"नुसतं नोकरी लिही," त्या म्हणाल्या.